पाण्यातले देव

धारूरच्या बाजारात लोकरीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून भिवराबाई कुसळं चाचपत होती, तेवढ्यात मागून तिच्या पायांना कशाचा तरी स्पर्श झाला. कुत्रं असेल म्हणून तिनं लाथ झाडली. ती बसली एका म्हातारीच्या मनगटावर. म्हातारी रागावली नाही. उलट तोच हात तिनं स्वतःच्या कपाळाला लावला आणि कंबरेला आधार देत उभी राहिली. भिवराबाईपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी असेल. तोंडात दात दोनच, पण त्या दोन दातांवर केवढं हसू! "मी कडूबाई. नांदूरघाटाची," ती म्हणाली. "तुजं लई नाव ऐकलंय बाई. तुज्यापायी औंदा पानी पडलं." लोकरवाला खाली बघून हसला. शेजारच्या मिरचीवालीनं हातातलं माप ठेवून नमस्कार केला.  कुणी चारचौघांत शिवी हासडली असती तर भिवराबाईनं दोन परत दिल्या असत्या. तिचं तोंड कसं आहे ते सगळ्या पेठेला ठाऊक होतं. पण पाया पडणाऱ्या म्हातारीला काय द्यायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

किल्ल्याखालच्या धनगरणीनं घरातले देव पाण्यात घातलेत, एवढंच आधी एका शेजारणीला कळलं होतं. माणूस देव पाण्यात घालतं ते काहीतरी मागण्यासाठी. मागणं पुरं होईस्तोवर ते बुडालेले राहतात. गुदमरले की मुकाट कामाला लागतात. कुणी लेकराच्या दुखण्यासाठी घालतं, कुणी हरवलेल्या बैलासाठी. भिवराबाईनं कशासाठी घातले, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पण त्या साली विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं हाडांवर आली होती, आणि तहानलेल्या गावाला दुसरं मागणं सुचणार कुठून? गावानं परस्पर ठरवून टाकलं, बाई पावसासाठी बसलीय. नवरा गेला, तरणाताठा मुलगा गेला, मेंढरं गेली, तरी बाईचा देवावरचा भरवसा ढळला नाही. वर सगळ्या मुलखासाठी मागतेय. कीर्तनात दाखला द्यावा अशी बाई. हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा भिवराबाई घरात येऊन तोंडात पदर कोंबून हसली होती. भरवसा होता, हे काही खोटं नव्हतं. तिच्याइतका भरवसा त्या पेठेत कुणाचाच नसेल. फक्त तिनं पाऊस मागितला नव्हता. तिनं आपल्या दिराचा, आप्पाचा, सत्यानाश मागितला होता.

"पन आता झाला की पाऊस," कडूबाई म्हणत होती. "आजून देव काढले न्हाईत म्हनं. कावून गं?"

"काम व्हायचंय आजून."

"अगं माय! पुढल्या सालाचं बी आत्ताच मागून ठिवतीस व्हय!" कडूबाईनं तिच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मग आवाज उतरवला. "तुज्या घरचं कळलं मला. तेलगावकडं मेंढरं राखायचा त्यो आप्पा तुजा दीरच न्हवं? लई वंगाळ झालं बग त्येचं. मेंढरांची खुरं सुजली. बसली ती उठलीच न्हाईत. आठ दिस माळावरची गिधाडं हालली न्हाईत. एक शेपूट बी शिल्लक ऱ्हायलं न्हाई."

भिवराबाईनं लोकर घेतली. भाव न करता घेतली, आणि लोकरवाला चक्रावून तिच्याकडे बघतच राहिला. गाठोडं डोक्यावर चढवून ती पेठेतून निघाली, नाक्यावरच्या रोहिल्या शिपायासमोरून खाली न बघता गेली, आणि किल्ल्याच्या बाजूची चढण लागल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण आनंदाची वाट बघतोय. आनंद आला नव्हता. जिभेवर मात्र लोकरीचा तेलकट वास येऊन बसला होता. तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं ती रोज हे वाक्य ऐकायला सकाळी उठत होती, कुणीतरी येऊन सांगेल, आप्पाच्या मेंढरांचा वाडा बसला; आणि आज सांगितलं तर ते एका पाया पडणाऱ्या म्हातारीनं, हळहळत. "एक शेपूट बी न्हाई." तिनं ते स्वतःशी दोनदा म्हणून बघितलं. गूळ खाऊन बघावा तसं. गोड लागलं, पण थोडं. मग तिच्या लक्षात आलं, थोडं का लागलं ते. मागणं अर्धंच झालं होतं. देवाला तिनं ओळीनं तीन गोष्टी सांगितल्या होत्या: आधी आप्पाची मेंढरं जाऊ देत, मग त्याचा एकुलता एक सुग्रीव जाऊ दे, आणि मग आप्पा माझ्या दारात येऊन पाणी पाणी करू दे. त्या दिवशी तुला बाहेर काढीन. त्याच्या आधी नाही.

या आप्पाला तिनं कडेवर खेळवलं होतं, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो पाच वर्षांचा, शेंबडा, बिनआईचा. तिच्या पदराला धरून वाड्यामागून हिंडायचा. वाडा म्हणजे धनगरांचा, चार काठ्या आणि जाळी लावून उभा केलेला; आज इथं, उद्या तिथं. त्याच्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, कोकरं कशी जगवायची ते त्याला तिनंच शिकवलं. मेंढी आटली की कोकरू मान टाकतं. मग लोकरीचा बोळा करायचा, दुधात बुडवायचा, आणि त्याच्या तोंडात थेंब थेंब पिळत बसायचं. बसायचं, हेच त्यातलं मोठं काम. कंटाळलं की कोकरू गेलं. आप्पा लहानपणी त्या कामात पटाईत होता, दिवस दिवस मांडी मोडायचा नाही, आणि तिचा नवरा त्रिंबक थट्टेनं म्हणायचा की ह्याला मेंढीच व्हायचं होतं, चुकून माणूस झाला. तो त्रिंबक पुढे पान लागून, सापाच्या विषानं, गेला, तेव्हा सगळ्यांत जास्त आप्पाच रडला होता. हेही खरं होतं. भिवराबाईला खऱ्या गोष्टींचा राग यायचा. माणूस धडधडीत वाईट असता तर शाप द्यायला किती सोपं गेलं असतं.

मानमोडीच्या साथीच्या साली आप्पा वाडा घेऊन नदीकाठच्या गंगथडीला निघाला. तिचा शहादेव त्याच्याबरोबर होता, वीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. त्या साली माणसं संध्याकाळी अंग दुखतं म्हणायची आणि तिसऱ्या दिवशी उचलावी लागायची. तेलगावच्या अलीकडे शहादेवाला ताप भरला. गावानं शिवेच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. पुढच्या गावचा शेतकरी वाट बघत होता, त्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत द्यायचं, बदल्यात धान्य घ्यायचं, असं ठरलेलं. मागं चारा नाही, पाणी नाही, मेंढरं थांबेनात. आप्पानं शहादेवाला लिंबाच्या झाडाखाली निजवलं, अंगावर घोंगडी घातली, उशाला पाण्यानं भरलेला भोपळा ठेवला आणि तो मेंढरांमागं निघून गेला. हे सगळं त्यानंच येऊन सांगितलं होतं, दारात उभं राहून, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत. "तीन दिसांत येतो म्हनून सांगून गेलतो, वैनी. पाच लागले." मग त्यानं काखेतली घोंगडी तिच्या पुढं धरली. झटकलेली, नीट चौघडी केलेली. भिवराबाईनं स्वतःच्या हातानं विणलेली, काठाला पांढऱ्या लोकरीच्या दोन रेघा असलेली. पोरगं ठेवून आला आणि घोंगडी घेऊन आला. पुढं तो पुष्कळ बोलला, सगळेच मेलो असतो म्हणाला, रडला, पाया पडला. तिला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. आठवत होती ती घडी. माणूस पुरून आल्यावर ज्याला घोंगडीची घडी घालायचं सुचतं, त्याचं देवानं काय करावं? तिच्या वाट्याची मेंढरं तो द्यायला लागला तेव्हा ती म्हणाली, ज्या जनावरांपायी माझं पोर टाकलंस त्यांची लोकर माझ्या अंगाला लागायला नको. आणि सून चतुरा आणि ती, दोघी धारूरला येऊन लोकर कातून पोट भरू लागल्या.

देव बुडवले ते त्याच आठवड्यात. घरात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले पाच टाक होते: खंडोबा, भवानी, बिरोबा, सासरा आणि त्रिंबक. मेलेल्या माणसाचा टाक करून देवात बसवायचा, अशी घरची रीत. शहादेवाचा करायचा राहिला होता, आणि तिनं तो करू दिला नाही. "आधी न्याव, मग टाक," ती म्हणाली. तांब्याच्या घागरीत पाणी भरून तिनं एकेक टाक आत सोडला, घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि घागरीशी तोंड नेऊन म्हणाली, "माजं पोर पान्यावाचून गेलं. तू पान्यात ऱ्हा." तेव्हापासून तिनं देवाचं तोंड बघितलं नव्हतं. दर सोमवारी घागरीत ताजं पाणी घालायचं काम चतुराकडे. ती पाठ फिरवून बसायची. मात्र रोज सकाळी उठल्या उठल्या घागर हलवून बघायची. आत चांदी चांदीवर वाजायची, किण किण. "हायेस न्हवं?" ती विचारायची. "मग कर की काम."

पुजाऱ्यांना, कीर्तनकारांना काय कळतो भरवसा! ते देवाला गोंजारतात. भिवराबाईनं त्याला धारेवर धरलं होतं. दुष्काळात शेजारच्या घरातून माणसं मुलंबाळं घेऊन देशोधडीला लागली, पेठेतली दुकानं बंद झाली, आणि ती जागेवरून हलली नाही. कारण आप्पाचं वाटोळं बघितल्याशिवाय देव तिला मरू देणार नाही, अशी तिची खात्री होती. आणि नव्हतंच मरू दिलं त्यानं. चैत्रात घरात दाणा उरला नव्हता, तेव्हा चतुराला कुठल्याशा मोठ्या घरी दळणकांडणाचं काम लागलं आणि ती जोंधळे आणू लागली. पुढं कितीतरी महिने पुरले ते जोंधळे. भिवराबाई भाकरी मोडताना घागरीकडे बघायची आणि मनात म्हणायची, भ्यालास व्हय रे? पाजतोस, खाऊ घालतोस. ते राहू दे. तिकडचं बघ. त्याच सुमाराला घागरीतला आवाजही बदलला होता. किणकिण गेली, हलवलं की आत काहीतरी जड, बोदं, बद बद वाजायचं. तिला बरं वाटलं होतं. देव नरम आला, ती चतुराला म्हणाली होती. दीड वर्षात दगडालाही पाझर फुटतो, हा तर देव. चतुरा जोंधळे निवडत राहिली होती. तशी ती कधीच फार बोलत नसे.

चढण संपली. आपलं दार दिसलं आणि दारात आप्पा दिसला.

तो उंबऱ्याला टेकून बसला होता, आणि पहिल्यांदा तिला वाटलं कुणी म्हातारा भिकारी आहे. डोक्याला पागोटं नव्हतं. पायाला चिंध्या बांधल्या होत्या. त्याच्या शेजारी अंगणात, एका फाटक्या पटकुरावर, सुग्रीव आडवा होता. शहादेवाच्याच वयाचा, सहा महिन्यांनी लहान. ओठांवर पांढरी साल आलेली, डोळे अर्धे उघडे, आणि छाती भराभरा हलत होती. चतुरा भिंतीला चिकटून उभी होती. भिवराबाईच्या डोक्यावरचं गाठोडं खाली पडलं, आणि तिच्या छातीत एवढा वेळ जे आलं नव्हतं ते एकदम आलं. आनंद नव्हता तो. भीती होती. देव इतका खरा असेल असं तिला वाटलं नव्हतं. एक, मेंढरं. दोन, हा इथं निजलाय. तीन, बाप दारात. तिनं मनात म्हटलं तसंच्या तसं, ओळीनं. फक्त दुसरं अजून पुरं व्हायचं होतं, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत होणार होतं.

"वैनी," आप्पा म्हणाला. उठायला गेला, त्याला उठता आलं नाही. "पाठीवर घिऊन आलो. दोन दिस चाललोय. मेंढरं गेली सगळी. जाऊंद्या. ह्येला वाचवा."

"मी वैद हाय का?"

"तुमच्या देवानं पाऊस पाडला. समदं तेलगाव सांगतंय. इतके दिस पान्यात हायत, तरी तुमी हिंमत सोडली न्हाई." त्यानं हात जोडले. "मला काय मागायला तोंड न्हाई. पन देवाला एवढं सांगा, वैनी. आन त्या घागरीतलं पानी घोटभर द्या. त्येच्या तोंडात घालतो."

तिला हसू फुटेल असं वाटलं, ते तिनं दाबलं. त्याला ते पाणी हवं होतं. त्याच्या नावानं तीन वर्षं शाप पिऊन बसलेलं पाणी. देऊ या की, ती मनात म्हणाली. त्याच्याच हातानं पाजू दे त्याच्याच पोराला. ह्यापुढं कसला आलाय न्याय! तिला माहीत होतं की ती हे करणार. तिला हेही माहीत होतं की ह्यानंतर ती पुन्हा कधी जेवू शकणार नाही, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. ती घरात गेली, कोपऱ्यातली घागर पुढं ओढली आणि फडक्याची गाठ सोडू लागली. "आत्याबाई," मागून चतुरा म्हणाली. "आत्याबाई, नगा सोडू. मी देते पानी." भिवराबाईनं तिला कोपरानं ढकललं. गाठ सुटली. घागर तिनं वाटीवर कलती केली. पाणी आलं, स्वच्छ, कालपरवाचं. मग घरंगळत तोंडाशी आले ते गोटे. ओढ्यातले, चपटे, काळे. पाच.

तिनं घागरीत हात घातला. तळापर्यंत घातला, कडेकडेनं फिरवला. लोकरीत कुसळं चाचपावी तसा. काही नव्हतं.

"कुठं हायत?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

चतुरा खाली बसली. "इकले. गेल्या सालच्या चैतात. तुमी तीन दिस काय खाल्लं नव्हतं. बोलता बोलता डोळं फिरवायच्या." तिनं नखानं जमिनीवर रेघ ओढली. "कुटलं दळन आन कुटलं काय. दानाच नव्हता कुनाच्या घरात, दळायला कोन बोलवतंय? मामंजींचा टाक जड हुता, म्हनून त्यो आधी सोनाराकडं दिला. मग तुमच्या सासऱ्यांचा. मग देव. त्येचेच जोंधळे आनले, आत्याबाई. आपुन दोघींनी खाल्ले."

भिवराबाईचा हात उठला. सुनेच्या थोबाडीत बसायचा तो वाटेतच राहिला आणि मांडीवर पडला. तिनं खाल्लं होतं. खंडोबा, भवानी, बिरोबा, तिचा म्हातारा सासरा आणि तिचा दादला, सगळ्यांना तिनं भाकरीवर चटणी घेऊन खाल्लं होतं, आणि वर ढेकर देऊन गोट्यांना दटावलं होतं. कर की काम! गेलं दीड वर्ष ती रोज सकाळी कुणाशी बोलत होती? आप्पाची मेंढरं मग कुणी मारली? कुणीच नाही. रोग आला, मेली. पाऊस आला, पडला. तिच्या शापानं एक कुसळ हललं नव्हतं. लोकांनी उगाच तिच्या पायांना हात लावले आणि तिनं देवाला उगाच भ्यायला लावलं. एवढा मोठा सूड तिनं तीन वर्षं पाण्याखाली धरून ठेवला होता आणि देव मात्र कधीच निसटून तिच्या पोटात जाऊन बसला होता. तिला वाचवत. मागितलं काय आणि दिलं काय! असला राग तिला आयुष्यात आला नव्हता. आप्पाचा राग त्यापुढं कालचा पोर होता.

"वैनी," बाहेरून आप्पाची हाक आली. तो दाराशी येऊन चौकटीला धरून उभा होता. "पानी न्हाई तर न्हाई. ह्येला तुमच्या देवापाशी ठिवतो. मी आंबे गावाला जाऊन वैद आनतो. तीन दिसांत येतो."

तीन दिसांत येतो. तेच शब्द, तोच अंगठा जमीन उकरत होता. भिवराबाई त्या अंगठ्याकडे बघत राहिली. देव घरात नव्हता. जे काही व्हायचं ते आता ह्या चौघांतच व्हायचं होतं. तिला एकाएकी कळलं, आपल्याला काय हवं होतं. त्याचं पोर मरायला नको होतं. पोर मेलं तर तो रडेल, लोक त्याला सांगतील की देवाची मर्जी, आणि तो ते मानेलही, माणसं मानतात. तेवढ्यानं तिचं भागणार नव्हतं.

"बस खाली," ती म्हणाली.

"वैनी..."

"बस म्हन्ते न्हवं! हितनं हाललास तर काठीनं पाय मोडीन." ती उठली, गाठोड्यातून मूठभर लोकर ओढून काढली, तळहातावर वळून तिचा बोळा केला आणि त्याच्या हातात कोंबला. वाटी पुढं सरकवली. "कोकरं जगवायला येतं न्हवं तुला? मी शिकवलंय. थेंब थेंब पीळ. मेंढरं गेली ना? आता कुनाच्या मागं जायचंय तुला?"

मग तिनं फळीवरची घोंगडी काढली. तीन वर्षं ती घडी मोडली नव्हती. ती मोडताना हाताला वेळ लागला, जशी काही आतून कुणी धरून ठेवली होती. सुग्रीवला आत आणलं, त्याच्या अंगावर ती घातली, काठाच्या दोन पांढऱ्या रेघा छातीवर आल्या. आप्पानं त्या रेघा ओळखल्या. त्याचे हात थांबले. "पीळ," भिवराबाई म्हणाली.

तो दिवस गेला, दुसरा गेला. तिनं त्याला उठू दिलं नाही. चतुरा ओल्या फडक्यानं सुग्रीवचं कपाळ पुसायची, पेज करायची. पाणी मात्र आप्पानंच पाजायचं. त्याची मान खाली गेली की भिवराबाई कातायच्या चातीच्या टोकानं त्याच्या खांद्याला डिवचायची. समोर बसून ती लोकर कातत होती आणि बघत होती. सुग्रीव बरळत होता, मधेच गप्प होत होता, आणि दोनदा तर चतुरानं पदर तोंडाला लावला. भिवराबाईनं कुणाला काही मागितलं नाही. सवयीनं एकदा तोंड घागरीकडं वळलं. तिथं गोटे उघडे पडले होते. तिनं उठून त्यांना पुन्हा पाण्यात टाकलं. का ते तिला कळलं नाही. उघड्यावर बरे दिसेनात, एवढंच.

तिसऱ्या दिवशी ऊन अंगणातून उंबऱ्यावर आलं तेव्हा सुग्रीवला घाम फुटला. घोंगडीखालून धो धो फुटला. त्यानं डोळे उघडले, बापाकडं बघितलं, आणि तोंडातला बोळा थुंकून म्हणाला, "भाकर हाय का?"

आप्पा हसत होता आणि रडत होता. त्यानं भिवराबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. ह्या आठवड्यात तिच्या पाया पडणारा हा दुसरा. "देवानं वाचवलं, वैनी. तुमच्या देवानं वाचवलं."

"घरात देवच न्हाईत," भिवराबाई म्हणाली. "इच्यार हिला. घागरीत वढ्यातले गोटे हायत. दुष्काळात देव इकून खाल्ले आमी." तो वर बघू लागला. त्याला समजेना. ती वाकली आणि अगदी हळू, एकेक शब्द निवडून, त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "तूच वाचवलंस. तीन दिस बसलास आन बोळ्यानं पानी पाजलंस. दुसरं काय लागलं न्हाई. इतकंच लागत हुतं, आप्पा. तीन दिस."

तिनं त्याला बघितलं. आधी त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग ते आत उतरत गेलं. लिंबाच्या झाडापर्यंत, भोपळ्यापर्यंत, त्या पाच दिवसांपर्यंत गेलं, आणि तिथं जाऊन ते त्याला लागलं, हे तिला स्पष्ट दिसलं.  त्यानं पोरानं थुंकलेला ओला बोळा उचलून स्वतःच्या तोंडात कोंबला आणि तो दातांखाली धरून भिंतीकडं तोंड करून बसला. त्याची पाठ हलत होती. पाच वर्षांचा असताना आई आठवली की तो असाच बसायचा. हेच बघायला भिवराबाई तीन वर्षं जगली होती. तिनं डोळे भरून बघितलं. मान न वळवता, पुरतं बघितलं. आणि जेव्हा तिला आणखी बघवेना, तेव्हा ती उठून आत गेली.

काम झालं होतं. अट तिनंच घातली होती, तेव्हा आता बाहेर काढायला हवं होतं. तिनं घागरीत हात घातला, पाची गोटे एकेक करून काढले, पदरानं पुसले, आणि भिंतीतल्या धुळीनं भरलेल्या देवळीत ओळीनं मांडले. खंडोबा, भवानी, बिरोबा. सासरा. त्रिंबकच्या गोट्याला जरा जास्तच वेळ पुसलं. डबीच्या तळाशी चिमूटभर भंडारा राहिला होता, तो पाचांवर टाकला. "खाऊ घातलंस," ती पुटपुटली. ते आभार होते की शिवी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाहेर चतुरा सुग्रीवला भाकर कुस्करून देत होती. ओळीच्या शेवटी वीतभर जागा मोकळी होती. भिवराबाईनं त्या जागेवरची धूळ हातानं पुसली, आणि मग दाराकडं न बघताच म्हणाली,

"चतुरे, वढ्यावर जाऊन ये. आनखी एक गोटा आन. शादेवाचा ऱ्हायलाय."